एली व्हिटनी: यंत्राने काम वाचवलं, मग माणसांचं काम वाढलं कसं?

विदर्भात किंवा खान्देशात राहणाऱ्या कुणालाही 'जिनिंग' हा शब्द नवीन नाही. दिवाळीच्या पुढेमागे कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर रांग लावून उभ्या असतात. आत यंत्रात कापूस जातो, सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे निघते आणि तिच्या गाठी बांधल्या जातात. पण मित्रांनो, यातला हा 'जिन' कोण, असा प्रश्न कधी पडलाय का? दिव्यातून निघणारा तो जिन हा नव्हे! 'इंजिन' या शब्दाचं तोकडं रूप म्हणजे जिन.

या जिनसोबत जगभर एक नाव जोडलं जातं, ते म्हणजे एली व्हिटनी. आज आपण या माणसाची गोष्ट पाहणार आहोत. त्याने एक साधं यंत्र बनवलं, आणि त्या यंत्राने कष्टाचं एक काम कित्येक पटींनी सोपं केलं. हिशोबाने पाहिलं तर माणसांचे कष्ट कमी व्हायला हवे होते. झालं नेमकं उलटं. लाखो माणसांच्या वाट्याला आणखी कष्ट आले, आणि तेही साखळदंडांसकट.

नवीन ॲप आलं, नवीन टूल आलं, एआय आलं की आपण लगेच म्हणतो, चला, आता काम कमी होणार. ते खरंच होतं का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला २०० वर्षांपूर्वीचा हा माणूस फार उपयोगी आहे.

खिळे बनवणारा मुलगा

एली व्हिटनीचा जन्म ८ डिसेंबर १७६५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरो गावी झाला. वडील शेतकरी होते. घराला जोडून त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि एलीचा जीव शेतापेक्षा तिथेच जास्त रमायचा. तो अकरा-बारा वर्षांचा असताना आई गेली.

त्याच काळात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं. इंग्लंडहून येणारा माल बंद झाला आणि साध्या खिळ्यांची टंचाई पडली. पोराने ही संधी बरोबर हेरली. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये त्याने खिळे बनवून विकायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर खिळ्यांचा भाव उतरला, तेव्हा तो बायकांच्या टोप्यांना लावायच्या पिना आणि हातातल्या काठ्या बनवू लागला. बाजारात काय कमी आहे ते बघायचं आणि ते बनवायचं, हा त्याचा स्वभाव लहानपणापासूनचा.

त्याला कॉलेजात जायचं होतं, पण सावत्र आईचा विरोध होता आणि घरात पैसाही बेताचाच. मग त्याने शेतात मजुरी केली, शाळेत शिकवलं, पै-पै जोडली. येल कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा १७८९ साल उजाडलं होतं आणि तो २३ वर्षांचा झाला होता. बरोबरीचे विद्यार्थी त्याच्यापेक्षा बरेच लहान. १७९२ मध्ये तो पदवीधर झाला.

हातात पदवी होती, पण खिशात काही नव्हतं. पुढे वकिली शिकायचं मनात होतं. तोवर पोट भरायला म्हणून त्याने दक्षिणेत साउथ कॅरोलिनामध्ये एका घरी शिकवणीची नोकरी धरली आणि जहाजात बसला.

नोकरी गेली, प्रश्न सापडला

जहाजावर त्याची ओळख कॅथरिन ग्रीन यांच्याशी झाली. स्वातंत्र्ययुद्धातले नामांकित सेनापती नथानिएल ग्रीन यांच्या त्या विधवा पत्नी. जॉर्जियात सॅव्हाना शहराजवळ 'मलबेरी ग्रोव्ह' नावाचा त्यांचा मोठा मळा होता. फिनिअस मिलर नावाचा येलचाच एक पदवीधर त्यांचा कारभार बघत होता.

इकडे शिकवणीचा कबूल केलेला पगार प्रत्यक्षात निम्माच मिळणार, असं व्हिटनीला कळलं. त्याने ती नोकरी नाकारली आणि तो ग्रीनबाईंच्या मळ्यावरच राहिला. हाताने काहीबाही दुरुस्त करून द्यायची सवय होतीच. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मळेवाल्यांच्या तोंडी एकच रडगाणं त्याच्या कानावर पडायचं: सरकी.

हे नीट समजून घेऊ. समुद्रकिनाऱ्याजवळ लांब धाग्याचा कापूस यायचा. त्याची सरकी काळी आणि गुळगुळीत, सहज सुटणारी. पण किनाऱ्यापासून आत गेलं की तो पिकत नसे. तिथे यायचा तो आखूड धाग्याचा कापूस आणि त्याची हिरवट सरकी तंतूंना घट्ट चिकटलेली. बोटांनी सरकी काढत बसलं तर एका माणसाची दिवसभरात जेमतेम एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम रुई निघायची.

तिकडे इंग्लंडमध्ये सूतकताईची यंत्रं धडाधड चालू झाली होती. गिरण्यांना कितीही कापूस दिला तरी कमीच पडायचा. म्हणजे मागणी भरपूर, जमीन भरपूर, पण मध्ये हे सरकीचं काम अडून बसलेलं.

शेताला पाणी देताना पाटात एका जागी काडीकचरा अडकला की मागे पाणी तुंबतं आणि पुढची शेतं कोरडी राहतात, तसंच हे होतं. ही अडलेली जागा व्हिटनीने मोकळी केली.

यंत्र चालतं कसं?

आता थोडं टेक्निकल. भिऊ नका, यंत्र अगदी साधं आहे.

पहिला भाग म्हणजे एक लाकडी रूळ. त्यावर तारेचे बारीक आकडे ओळीने बसवलेले. रूळ फिरला की आकडे कापसात घुसतात आणि तंतू ओढतात.

दुसरा भाग म्हणजे अरुंद फटींची जाळी. आकडे तंतू घेऊन या फटींतून पलीकडे जातात. सरकी मात्र फटीपेक्षा जाड, म्हणून ती अलीकडेच राहते आणि खाली पडते.

तिसरा भाग म्हणजे उलट दिशेने आणि जास्त वेगाने फिरणारा ब्रश. आकड्यांना चिकटलेली रुई तो झटकून काढतो, नाहीतर यंत्र दोन मिनिटांत तुंबून बसेल. ब्रशची ही कल्पना कॅथरिन ग्रीन यांनी सुचवली, अशी गोष्ट सांगितली जाते.

हाताने दांडा फिरवून चालणाऱ्या छोट्या यंत्रावर दिवसाला ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो रुई निघू लागली. कुठे एक आणि कुठे पन्नास! मोठं यंत्र घोड्याने किंवा पाण्याच्या जोरावर चालवलं तर आणखी जास्त.

इथे एक गैरसमज दूर करून टाकू. सरकी काढणारं जगातलं पहिलं यंत्र व्हिटनीने बनवलेलं नाही. दोन रुळांच्या मधून कापूस पिळून काढायची हातचरखी आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात होती. अजिंठ्याच्या सुमारे पाचव्या शतकातल्या चित्रांत एका रुळाने सरकी काढण्याचं काम दिसतं, असं अभ्यासक सांगतात. अमेरिकेतही रुळाची यंत्रं पोहोचली होती. पण चिकट हिरव्या सरकीपुढे ती टिकत नव्हती. व्हिटनीने रूळ दाबून पिळण्याऐवजी आकड्याने ओढून काढण्याची रीत आणली. नवेपणा होता तो इथे.

पेटंट मिळालं, पैसा नाही

१७९३ च्या जूनमध्ये व्हिटनीने पेटंटसाठी अर्ज केला आणि १४ मार्च १७९४ रोजी ते मिळालं. मिलर त्याचा भागीदार झाला. आता दोघं लखपती होणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

पण त्यांचं बिझनेस मॉडेल फसलं. त्यांनी यंत्र विकायचंच नाही असं ठरवलं. जागोजागी आपली जिनं बसवायची, मळेवाल्यांनी कापूस आणायचा, आणि साफ करून देण्याच्या बदल्यात कापसाचा पाचातला दोन हिस्सा यांनी ठेवायचा. आजच्या भाषेत बोलायचं तर ४० टक्के कमिशन! मळेवाले खवळले. शिवाय एवढी मागणी पुरी होईल इतकी यंत्रं या दोघांकडे नव्हतीच. त्यात १७९५ मध्ये न्यू हेवनमधलं त्यांचं वर्कशॉप आगीत जळून खाक झालं.

दुसरी अडचण यंत्राच्या साधेपणाचीच होती. एकदा बघितलं की गावातला कुठलाही सुतार-लोहार तसंच बनवू शकत होता. झालंही तसंच. जागोजागी नकला निघाल्या. कुणी तारेच्या आकड्यांऐवजी करवतीसारखी दातेरी चकती बसवली आणि आपलं यंत्र वेगळं असल्याचा दावा केला. व्हिटनी आणि मिलर यांनी कोर्टात धाव घेतली, पण पेटंट कायद्याच्या शब्दांतच पळवाट होती. ती १८०० मध्ये बुजवली गेली. मिलर १८०३ मध्ये वारला. जॉर्जियातल्या कोर्टात व्हिटनीच्या बाजूने ठाम निकाल लागला तो १८०७ मध्ये आणि त्याच सुमाराला पेटंटची मुदतही संपत आली होती. साउथ कॅरोलिना राज्याने ५०,००० डॉलरला हक्क विकत घ्यायचं ठरवलं खरं, पण मिळालेल्या पैशातला मोठा भाग खटल्यांनीच खाल्ला. पुढे १८१२ मध्ये पेटंट वाढवून मागितलं, ते संसदेने नाकारलं.

काम सोपं झालं, मग गुलामी का वाढली?

आता गोष्टीचा मुख्य भाग.

मलबेरी ग्रोव्हसारख्या मळ्यांवर राबणारी माणसं गुलाम होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली, किंवा अशा माणसांच्या पोटी जन्मलेली. दिवसभर सरकी काढत बसणारे हात त्यांचेच. पण त्यांची नावं कुठल्या पेटंटवर येणं शक्यच नव्हतं, कारण कायद्याच्या नजरेत ती माणसं स्वतःच कुणाची तरी मालमत्ता होती.

व्हिटनीचं यंत्र येण्याआधी तंबाखूच्या जमिनी थकल्या होत्या आणि उत्तरेकडची राज्यं एकेक करून गुलामी बंद करण्याकडे वळत होती. दक्षिणेतही ही पद्धत हळूहळू आपोआप विरून जाईल, अशी आशा काही लोकांना होती. अशा वेळी सरकी काढायचं काम पन्नासपट सोपं झालं. मग तेवढी माणसं मोकळी झाली का?

नाही. पाटातला कचरा निघाला, पाणी पुढे धावलं आणि पुढच्या अडथळ्यापाशी जाऊन तुंबलं. तो अडथळा म्हणजे लागवड, खुरपणी आणि वेचणी. जिन कितीही कापूस साफ करायला तयार होतं, पण कापूस पेरणार कोण, वेचणार कोण? त्यासाठी यंत्र नव्हतं. त्यासाठी माणसंच लागत होती, आणि मळेवाल्यांच्या हिशोबात माणसं म्हणजे गुलाम.

आधी आखूड धाग्याचा कापूस लावणं परवडत नव्हतं. आता प्रत्येक जादा एकरात नफा दिसू लागला. म्हणून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना असे नवे प्रदेश कापसाखाली आले. तिथल्या मूळ रहिवासी जमातींना त्यांच्या जमिनीवरून हुसकावलं गेलं. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणायला कायद्याने बंदी आली, पण देशातल्या देशात माणसांचा बाजार तेजीत आला. गृहयुद्धापूर्वीच्या दशकांत सुमारे १० लाख गुलामांना जुन्या राज्यांतून या नव्या कापूसपट्ट्यात नेलं गेलं. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मूल तिसरीकडे.

आकडे बघा. १७९० मध्ये अमेरिकेत कापसाच्या साधारण ३,००० गाठी व्हायच्या. १८६० च्या सुमाराला हा आकडा ४० लाखांच्या आसपास पोहोचला. १७९० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती, १८६० मध्ये ती साडेएकोणचाळीस लाखांवर गेली. देशाच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा झाला.

कामाचं स्वरूपही बदललं. मळ्यावर प्रत्येकाने वेचलेला कापूस रोज संध्याकाळी काट्यावर तोलला जायचा आणि वहीत मांडला जायचा. ठरलेल्यापेक्षा कमी भरला तर चाबूक. जास्त भरला तर पुढच्या दिवसाचं टार्गेट वाढण्याची भीती. म्हणजे यंत्राने एका कामातले कष्ट वाचवले, पण त्या बचतीचं काय करायचं हे ठरवणारा माणूस राबणारा नव्हता. तो होता मालक. आणि मालकाने त्या बचतीतून विश्रांती विकत घेतली नाही, आणखी जमीन आणि आणखी माणसं विकत घेतली.

सगळा दोष एका यंत्राच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. इंग्लंडच्या गिरण्यांची भूक, स्वस्त जमीन, सावकारांचा पैसा आणि माणूस विकायला परवानगी देणारा कायदा, हे सगळं आधीपासून तयार होतं. यंत्राने त्या सगळ्याला वेग दिला.

दुसरी इनिंग: बंदुका

खटल्यांत बुडालेल्या व्हिटनीला पैशांची निकड होती. १७९८ मध्ये अमेरिकेला फ्रान्सशी युद्ध होण्याची भीती वाटत होती आणि सरकारला तातडीने बंदुका हव्या होत्या. व्हिटनीने कंत्राट मिळवलं: दोन वर्षांत १०,००० बंदुका, किंमत १,३४,००० डॉलर. गंमत म्हणजे तोवर त्याने एकही बंदूक बनवलेली नव्हती, आणि कारखानाही नव्हता!

त्या काळी बंदूक कशी बनायची? एक कसलेला कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून एकमेकांत नेमका बसवायचा. एका बंदुकीचा खटका दुसरीला बसत नसे. बिघडली तर पुन्हा कारागिराकडेच जायचं. व्हिटनीचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक भाग साचे आणि यंत्रांच्या मदतीने इतका सारखा बनवायचा की कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसावा. मग काम करायला कसलेला कारागीर लागत नाही. कसब हातातून निघून साच्यात जातं आणि साध्या माणसालाही थोड्या दिवसांत ते काम शिकवता येतं.

न्यू हेवनजवळ मिल नदीच्या काठी, पाण्याच्या शक्तीवर चालणारा कारखाना त्याने उभा केला. कामगारांसाठी घरं बांधली. ती वस्ती पुढे व्हिटनीव्हिल या नावाने ओळखली जाऊ लागली.

मुदत उलटून गेली तरी बंदुका तयार नव्हत्या. सरकारची कुरकुर वाढली. तेव्हा १८०१ मध्ये त्याने राजधानीत जाऊन मावळते अध्यक्ष जॉन ॲडम्स आणि लवकरच अध्यक्ष होणारे थॉमस जेफरसन यांच्यापुढे एक डेमो दिला. सुट्या भागांच्या ढिगातून भाग उचलून त्याने बंदुकीचे खटके जोडून दाखवले. बघणारे थक्क झाले आणि मुदतवाढ मिळाली.

पण डेमो आणि प्रॉडक्ट यांत फरक असतो, हे आज आपल्याला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या कारखान्यातल्या ज्या बंदुका आजवर टिकून आहेत त्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांना बसत नव्हते. काही भागांवर तर कुठला कशाशी जोडायचा, याच्या खुणा होत्या. म्हणजे तो डेमो बराचसा आधी तयारी करून दिलेला होता. कल्पनाही त्याची एकट्याची नव्हती. फ्रान्समध्ये होनोरे ब्लां या कारागिराने ती आधीच करून दाखवली होती, आणि जेफरसन यांनी ती तिथे पाहिलीही होती. अमेरिकेत खऱ्या अर्थाने सारख्या भागांच्या बंदुका बनल्या त्या हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात, जॉन हॉल यांच्या हाताखाली, १८२० च्या दशकात.

व्हिटनीच्या १०,००० बंदुका पुऱ्या व्हायला १८०९ उजाडलं. दोन वर्षांचं काम साधारण दहा वर्षं चाललं. तरी तोवर कारखाना स्थिरावला होता. १८१२ मध्ये १५,००० बंदुकांचं दुसरं कंत्राट मिळालं आणि ते त्याने नीट पार पाडलं. जिनने त्याला नाव दिलं, पैसा दिला तो बंदुकांनी.

शेवटची वर्षं

कामाच्या रगाड्यात लग्न राहूनच गेलं होतं. १८१७ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्याने हेन्रिएटा एडवर्ड्स हिच्याशी लग्न केलं. चार मुलं झाली. पण पुढच्या काही वर्षांतच प्रोस्टेटच्या दुखण्याने त्याला गाठलं. वेदना असह्य व्हायच्या. अशातही त्याच्यातला कारागीर गप्प बसला नाही. दुखण्यावर उतारा म्हणून त्याने स्वतःसाठी उपकरणं बनवली आणि त्यांनी काही काळ आरामही मिळाला. ८ जानेवारी १८२५ रोजी न्यू हेवनमध्ये तो वारला, तेव्हा तो ५९ वर्षांचा होता.

त्या कापसाचे धागे आपल्यापर्यंत

व्हिटनीच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, १८६१ मध्ये, गुलामीच्या प्रश्नावरून अमेरिकेत गृहयुद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा कापूस आटला. त्यांच्या कापसातला मोठा हिस्सा अमेरिकेहून यायचा. आता नजर वळली ती मुंबईकडे.

वऱ्हाड, खान्देश, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून निघाला आणि शहरात पैशाचा पूर आला. समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. सावकार शेतकऱ्याच्या दारात येऊन कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईत कंपन्या, बँका बुडाल्या. दख्खनच्या गावांत कर्ज मिळेनासं झालं, जुनी वसुली मात्र सुरूच राहिली, त्यात सरकारने शेतसारा वाढवला. हे सगळं साचत गेलं आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला. सावकारांच्या घरातले कर्जरोखे आणि वह्या जाळण्यात आल्या. जॉर्जियातल्या एका मळ्यावरून सुरू झालेल्या कापसाच्या या साखळीचं एक टोक असं आपल्या मातीत येऊन रुतलं.

अमेरिकेत कायद्याने गुलामी संपली ती १८६५ मध्ये. पण कापूस वेचायचं यंत्र बाजारात यायला १९४० चं दशक उजाडलं. म्हणजे सरकी काढायचं काम सोपं झाल्यानंतर जवळपास दीडशे वर्षं वेचणीचं काम माणसाच्या बोटांवरच राहिलं.

मग आपण यातून काय घ्यायचं?

आपल्या फोनमध्येही अशी छोटी-छोटी जिनं भरलेली आहेत. पूर्वी एक पत्र लिहायला अर्धा तास लागायचा, आता मेसेज दहा सेकंदांत जातो. पण म्हणून आपण दिवसाला एकच मेसेज पाठवून मोकळे होतो का? उलट शंभर येतात, आणि रात्री ११ वाजताही ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर द्यावं लागतं. व्हिडिओ एडिट करणं सोपं झालं, तर आठवड्याला एकाऐवजी रोज एक टाकावा लागतो. मळ्यावरच्या गुलामगिरीशी या कशाचीही बरोबरी होऊ शकत नाही आणि करूही नये. पण गणित समजून घेण्यासारखं आहे.

म्हणून नवीन टूल हातात आलं की तीन प्रश्न विचारून बघा.

१. हे टूल नेमकं कुठलं काम सोपं करतंय, आणि त्याच्या पुढचं काम कुणाच्या अंगावर पडणार आहे?

२. काम स्वस्त झालं की त्याची मागणी वाढणार आहे का? वाढणार असेल, तर काम कमी होईल हे विसरा.

३. वाचलेल्या वेळेचं आणि पैशाचं काय करायचं, हे कोण ठरवणार? तुम्ही, की दुसरा कुणी?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोघांची उत्तरं यंत्र आणि बाजार देतात. तिसऱ्याचं उत्तर कायदा, कामाचे तास, मजुरीचे दर आणि आपण एकत्र येऊन काय मागतो, यावर ठरतं. व्हिटनीच्या काळात राबणाऱ्याला तो प्रश्न विचारायचाही हक्क नव्हता. आपल्याला आहे.

आणि हो, जाता जाता एक गोष्ट. भारतातल्या बहुतेक जिनिंगमध्ये आज व्हिटनीच्या वंशातली दातेरी चकत्यांची यंत्रं चालत नाहीत. तिथे दोन रुळांची यंत्रं असतात, जुन्या चरखीच्या तत्त्वाशी नातं सांगणारी, कारण त्यांच्यात धागा कमी तुटतो. ती आता विजेवर चालतात आणि तासाला कित्येक किलो रुई काढतात. पण जिनिंगच्या फाटकापर्यंत पोहोचणारा कापूस? तो आपल्याकडे आजही बहुतेक हातानेच वेचला जातो. कमरेला ओटी बांधून, उन्हात वाकून, किलोवर मजुरी घेऊन, आणि हे करणाऱ्या बहुतेक बायाच असतात. पुढच्या वेळी कापसाची गाडी दिसली, तर ती भरणाऱ्या हातांचीही आठवण ठेवा.